काटकसरीचे रूळ

नागपूर शहराच्या पूर्वभागीं नंदनवन नांवाची मोठी वसाहत आहे. तिच्याही पूर्वेस, भांडेवाडीच्या बाजूनें, इतवारी स्टेशनाहून निघालेला एक लोहमार्ग कुही, उमरेड, भिवापूर हीं गांवें घेत नागभीडला जातो. १९०८ सालीं हा मार्ग सुरू झाला आणि २०१९ च्या नोव्हेंबरांत त्याच्या जुन्या रुळांवरून शेवटची गाडी धांवली. ह्या एकशें अकरा वर्षांत देशावरचें राज्य बदललें. मध्यप्रांताची राजधानी असलेलें नागपूर महाराष्ट्राची उपराजधानी झालें. वाफेचीं इंजिनें जाऊन डिझेलचीं आलीं. बदललें नाहीं तें दोन रुळांमधील अंतर. तें आरंभीं अडीच फूट ठरलें आणि अखेरच्या दिवशींही अडीच फूटच होतें. हा आंकडा जमाखर्चाच्या वहींत ठरला होता. त्याची हकीकत सांगावी, आणि आज शहराभोंवतीं रोजच्या प्रवाशांसाठीं नव्या मार्गांच्या योजना आंखल्या जात असतां तिच्यापासून आपण काय शिकावें हें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हिंदुस्थानांत आगगाडीची पहिली आंखणी झाली तेव्हां काटकसरीचा विचार फारसा प्रबळ नव्हता. लॉर्ड डलहौसी ह्यांच्या मनांत सहा फुटी रूळ होते. विलायतेंत चार फूट साडेआठ इंचांची चाल पडत चालली होती. अखेर साडेपांच फुटांचें माप कायम झालें. बांधकाम खासगी कंपन्यांकडे गेलें आणि त्यांच्या भांडवलावर सरकारनें शेंकडा पांच व्याजाची हमी दिली. नफा होवो वा तोटा होवो, विलायतेंतील भागीदाराचे पांच पौंड कोठें जात नव्हते. अशा स्थितींत हात आंखडून खर्च कोण करणार? डलहौसींनीं मैलामागें आठ हजार पौंडांचा अंदाज धरला होता; प्रत्यक्षांत खर्च त्याच्या दुपटीवर गेला, आणि उत्पन्नांत येणारी तूट ह्या देशाच्या तिजोरींतून भरली जाऊं लागली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची शाखा भुसावळहून निघून १८६७ सालीं नागपुरास पोहोंचली, ती ह्याच पद्धतीनें आणि ह्याच रुंद मापाची.

उधळ्या बापाच्या पोटीं चिक्कू मुलगा यावा तसें पुढें झालें. १८६९ पासून सरकारनें कांहीं मार्ग स्वतःच बांधण्याचें ठरविलें, आणि १८७० सालीं लॉर्ड मेयो ह्यांच्या कारकीर्दींत एक मीटर, म्हणजे तीन फूट तीन इंचांहून किंचित् अधिक, हें नवें माप पत्करण्यांत आलें. हिंदुस्थानांत लवकरच दशमान मापें सुरू होतील अशी त्या वेळीं अपेक्षा होती, म्हणून माप मीटरचें निवडलें. मापें कांहीं तेव्हां बदललीं नाहींत. रूळ मात्र मीटरचे झाले. हिशेब सरळ होता. माप लहान झालें कीं वळणें घट्ट घेतां येतात, रूळ हलके चालतात, पूल लहान पुरतात, भराव व खोदाई कमी होते. तितक्याच पैशांत अधिक मैल पदरांत पडतात. ज्या देशांत दुष्काळीं धान्य पोहोंचविण्यास वाट नाहीं तेथें अधिक मैल ह्या शब्दांना किती वजन होतें हें सांगावयास नको. १८८० च्या दुष्काळ आयोगानेंही लोहमार्ग झपाट्यानें वाढविण्याची शिफारस केली होती.

ह्या धोरणाचें नागपुरांतलें पहिलें अपत्य म्हणजे नागपूर-छत्तीसगड रेल्वे. छत्तीसगडांत तांदूळ व गहूं अमाप पिके, पण बाहेर जाण्याचें साधन बैलगाडीच. १८८० ते १८८२ च्या सुमारास सरकारी खर्चानें नागपूरहून राजनांदगांवपर्यंत सुमारे दीडशें मैलांचा मार्ग तयार झाला, तो मीटर मापाचा. कागदावर ही मोठीच बचत होती. परंतु नागपुरास येऊन भिडणारी मुंबईकडील गाडी साडेपांच फुटी, आणि पूर्वेकडून येणारी मीटरची. एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर चढूं शकत नाहीं. म्हणून छत्तीसगडचें प्रत्येक पोतें नागपुरांत एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावें लागे. हमालांची मजुरी, उतरचढींत होणारी नासधूस, पावसाळ्यांतलें भिजणें, आणि इकडचे डबे रिकामे उभे असतां तिकडे डब्यांची टंचाई, हे सारे खर्च मार्ग बांधणाऱ्याच्या अंदाजपत्रकांत येत नाहींत. ते व्यापाऱ्याच्या, शेतकऱ्याच्या आणि शेवटीं गिऱ्हाइकाच्या माथीं पडतात. इंग्लंडांत ग्लॉस्टर येथें दोन मापें एकत्र आलीं तेव्हां असाच गोंधळ उडाला होता, आणि तेथील सात फुटी मापाच्या ग्रेट वेस्टर्न कंपनीस १८९२ सालीं आपला शेवटचा रुंद मार्ग मोडून सर्वसामान्य मापाचा करावा लागला. माप मोठें कीं लहान हा तेथेंही मुख्य प्रश्न उरला नव्हता. शेजाऱ्याशीं जुळतें कीं नाहीं, हा होता.

नागपुरांत हा हिशेब कळावयास दहा वर्षेंही लागलीं नाहींत. १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिनें छत्तीसगडचा मार्ग आपल्याकडे घेतला आणि लगोलग तो साडेपांच फुटी करून पुढें बिलासपुरावरून आसनसोलकडे नेला. १८९१ च्या फेब्रुवारींत त्या सलग मार्गावर मालाची वाहतूक सुरू झाली. म्हणजे बचतीसाठीं केलेलें काम उखडून पुन्हां केलें. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडली.

ज्या कंपनीनें नागपुरांतील ही चूक निस्तरली तिनेंच पुढें सातपुड्यांत व वैनगंगेच्या खोऱ्यांत मीटरहूनही लहान, अडीच फुटी मार्गांचें जाळें विणलें. गोंदियाहून नैनपुरावरून जबलपूर, गोंदियाहून नागभीडवरून चांदा, नागपूरहून छिंदवाडा आणि नागपूरहून नागभीड हे सर्व मार्ग १९०३ ते १९१३ ह्या सुमारें दहा वर्षांतले. एकदां पोळलेल्या कंपनीनें पुन्हां तसेंच कां केलें, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर देतांना आपण त्या काळच्या माणसांस न्याय दिला पाहिजे. सातपुड्याच्या घाटांत साडेपांच फुटी मार्ग नेण्याचा खर्च तेथील विरळ वस्तीच्या वाहतुकीनें भरून निघाला नसता. निवड रुंद गाडी आणि अरुंद गाडी ह्यांच्यांत नव्हती. अरुंद गाडी किंवा गाडीच नाहीं, अशी होती. १८९६ व १८९९ ह्या सालचे दुष्काळ मध्यप्रांतानें नुकतेच सोसले होते. त्या प्रांतास लहान गाडी ही मोठीच देणगी वाटली असल्यास नवल नाहीं.

शिवाय अरुंद माप म्हणजे निकृष्ट काम असेंही नव्हे. सोलापूर जिल्ह्यांतली बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू झाली, तिचेंही माप अडीच फूटच होतें. तिचे इंजिनियर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप ह्यांनीं प्रत्येक आंसावर सारखाच भार येईल अशी इंजिनें व डबे आंखले, आणि हलक्या रुळांवरूनही भरपूर माल व माणसें नेतां येतात हें दाखवून दिलें. पुढें हा मार्ग एका बाजूस पंढरपुरावरून मिरजेपर्यंत व दुसऱ्या बाजूस लातुरापर्यंत गेला. आषाढी-कार्तिकीच्या कित्येक पिढ्या वारकऱ्यांस त्यानें विठोबाच्या दारीं पोहोंचविलें. बुद्धीनें केलेली काटकसर कशी असते ह्याचें तें उत्तम उदाहरण होय. तरीदेखील एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तो मार्गही टप्प्याटप्प्यानें उखडून रुंद करावा लागला, हें विसरून चालणार नाहीं.

मग दोष कोठें होता? आमच्या मतें अरुंद मार्ग बांधण्यांत तो नव्हता. आपण तात्पुरती सोय करीत आहों ह्याचें विस्मरण पडण्यांत तो होता. ज्यांनीं घरीं मुलांचे कपडे शिवविले आहेत त्यांस हें चटकन् समजेल. शहाणी गृहिणी वाढत्या मुलाच्या सदऱ्यास शिवणींत थोडी माया ठेवावयास सांगते. कापड बेताचेंच घेते, पण पुढच्या वर्षीं उसवून सैल करतां येईल अशी तजवीज करते. माया न ठेवतां अंगाबरोबर बेतलेला सदरा पहिल्या वर्षीं स्वस्त पडतो आणि दुसऱ्या वर्षीं फुकट जातो. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरें. परंतु अंथरूण ज्याच्यासाठीं घालावयाचें तो वाढतें पोर आहे कीं वाढ संपलेला माणूस, हेंही पाहावयास नको काय? लोहमार्गाच्या बाबतींत माया ठेवणें म्हणजे पुढें लागेल तेवढी जमीन आधींच ताब्यांत घेणें, पुलांचे पाये रुंद घालणें, भराव वाढवितां येईल असा करणें. जबलपूरच्या वाटेवर डोंगर होते. उमरेडच्या वाटेवर तसा मोठा घाट नव्हता. तेथें हा विचार अधिक सहज करतां आला असता.

तो न केल्याचें फळ पुढील पिढ्यांनीं भोगलें. उमरेडजवळ कोळशाच्या खाणी निघाल्या. कोळसा अडीच फुटी गाडीनें नेणें परवडणारें नव्हतें, म्हणून त्यासाठीं बुटीबोरीहून उमरेडपर्यंत वेगळा साडेपांच फुटी फांटा टाकावा लागला. एकाच गांवीं दोन मापांचे रूळ आले. कोळशास रुंद गाडी मिळाली, माणसांस अरुंदच राहिली. पुढें सडका सुधारल्या, एस. टी. च्या गाड्या वाढल्या. नागभीडच्या गाडीची सरासरी गति ताशीं तीस किलोमीटरांच्या आंतच राही, तेव्हां घाईचा माणूस मोटारीकडे वळला. गाडींत उरले ते ज्यांना वेळेपेक्षां पैशाची किंमत अधिक होती असे मजूर, विद्यार्थी, भाजीपाला विकणारे. उत्पन्न कमी म्हणून मार्गावर खर्च नाहीं, आणि खर्च नाहीं म्हणून उत्पन्न कमी, असें हें चक्र फिरत राहिलें.

१९९२ सालीं रेल्वे खात्यानें साऱ्या देशांतील मार्ग एका मापाचे करण्याची योजना हातीं घेतली. त्या दशकांत गोंदिया-नागभीड-चांदा हा मार्ग रुंद झाला, आणि इतवारीहून येणारी छोटी गाडी नागभीडला पोहोंचली कीं तिच्यापुढें परक्या मापाचे रूळ दिसूं लागले. शंभर वर्षांपूर्वीं नागपुरांत जी स्थिति छत्तीसगडच्या पोत्यांची होती तीच आतां उमरेड-भिवापूरच्या उतारूंची झाली. २०१५ च्या अखेरीस छिंदवाड्याची अरुंद गाडी बंद पडून त्या मार्गाचें रुंदीकरण झालें. २०१९ सालीं नागभीडच्या गाडीवरही तीच पाळी आली. रुंदीकरण हा शब्द कानास सोपा वाटतो. प्रत्यक्षांत नुसते रूळ सरकवून काम भागत नाहीं. भराव, पूल, फलाट, फाटकें सर्व नव्यानें करावें लागतें. आणि हें होईपर्यंत मार्ग बंद. १९०८ सालीं जेथें नंदनवनाची वस्ती नव्हती तेथें आज रुळांच्या दोन्ही अंगांस घरें उभीं आहेत. पलीकडे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या परिसरांतून मार्ग जातो, तेथें वाघांच्या वाटांचा विचार करणें भाग आहे. जी जमीन त्या वेळीं स्वस्तांत मिळाली असती तिची किंमत आतां रुपयांतच नव्हे तर खोळंब्यांतही मोजावी लागते. ज्या दिवशीं छोटी गाडी थांबली त्या दिवशीं तिच्या तिकिटाइतक्या स्वस्त दुसऱ्या वाहनाची सोय कोणीं त्या मजुरांस करून दिली नव्हती. चुकलेल्या काटकसरीचा शेवटचा हप्ता नेहमीं सर्वांत गरीब प्रवासी भरतो.

आतां वर्तमानाकडे वळूं. नागपुरांत मेट्रोच्या पहिल्या टप्प्यास २०१४ च्या ऑगस्टांत मंजुरी मिळाली. सुमारें ३८ किलोमीटर लांबी आणि ८,६८० कोटी रुपये खर्च असा तो अंदाज होता. पहिली गाडी २०१९ च्या मार्चांत सुरू झाली व २०२२ च्या डिसेंबरांत हा टप्पा पुरा झाला. ह्या योजनेंत काटकसर कोठें केली हें पाहण्यासारखें आहे. जमिनीखालून बोगदा कोठेंही नाहीं. बहुतेक मार्ग खांबांवरून, आणि खापरीच्या बाजूस कांहीं भाग जमिनीवरून जातो. वर्धा मार्गावर सव्वातीन किलोमीटरांस थोड्या कमी अंतरांत एकाच खांबांच्या रांगेवर खालीं मोटारींचा पूल व त्यावर मेट्रो अशी दुमजली रचना केली आहे. दोन कामांस एकच पाया, एकच जमीन. ही बचत बुद्धीची आहे, कारण तिनें पुढच्या पिढीचे हात बांधले नाहींत.

नंदनवनकरांस मात्र ह्या टप्प्याचा लाभ अर्धवटच झाला. पूर्वेकडील मार्गिका भंडारा रस्त्यानें प्रजापतीनगरापर्यंत जाते, म्हणजे वसाहतीच्या उत्तरेकडून. दिघोरी व उमरेड रस्त्याच्या बाजूस राहणाऱ्यास स्टेशन गांठण्यासाठींच दुसरें वाहन शोधावें लागतें. मार्ग स्वस्त कोठें पडतो आणि माणसें राहतात कोठें, ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें नेहमीं एकच येत नाहींत, हा अनुभव जुन्याच गोष्टीची नवी आवृत्ति आहे. दुसऱ्या टप्प्यास केंद्र सरकारनें २०२२ च्या डिसेंबरांत मान्यता दिली. कन्हान, बुटीबोरी, हिंगणा व कापसी ह्या दिशांस ४३.८ किलोमीटर आणि ६,७०८ कोटी रुपये. साधा भागाकार केला तर पहिल्या टप्प्याच्या अंदाजांत किलोमीटरास सुमारें २२७ कोटी येतात, दुसऱ्याच्या अंदाजांत सुमारें १५३ कोटी. दुसरा टप्पा स्वस्त आहे ही आनंदाचीच गोष्ट. परंतु ही स्वस्ताई कोणत्या बाबींतून निघते हें विचारणें नागरिकांचें काम आहे. आज नागपुरांतील मेट्रोच्या गाड्या तीन डब्यांच्या आहेत. डबे उद्यां वाढवितां येतात. पण कोणत्याही मार्गावर फलाटच आंखूड बांधला, किंवा पुढच्या फांट्यासाठीं जागा राखली नाहीं, तर ती चूक सुधारण्यास पुन्हां सारें शहर खोदावें लागतें.

२०१८ च्या जुलैंत आणखी एक कल्पना पुढें आली. नागपूरहून नरखेड, वर्धा, रामटेक व भंडारा ह्या गांवांकडे रेल्वेच्या असलेल्या साडेपांच फुटी रुळांवरूनच मेट्रोसारख्या गाड्या चालवाव्या असा करार रेल्वे खातें, राज्य सरकार व महामेट्रो ह्यांच्यांत झाला. नवी जमीन नको, नवे पूल नकोत, रूळ तयार आहेत. काटकसरीच्या दृष्टीनें ह्याहून मोहक योजना सांपडणें कठीण. परंतु इतिहास जाणणाऱ्यानें येथेंही एक शंका काढलीच पाहिजे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे देशांतले दोन मोठे मार्ग नागपुरांतच एकमेकांस छेदतात. त्या रुळांवर लांबच्या गाड्यांची व कोळशाच्या मालगाड्यांची दाटी असते. रूळ फुकट मिळाले तरी त्यांवरचा वेळ फुकट मिळत नाहीं. रोज कचेरीस जाणाऱ्या माणसास गाडी ठरल्या वेळीं हवी असते. त्याची गाडी मालगाडीसाठीं बाजूस उभी राहूं लागली, तर तो चार दिवस वाट पाहील आणि पांचव्या दिवशीं दुचाकी विकत घेईल. मग पुन्हां तेंच चक्र, कमी उतारू म्हणून कमी गाड्या आणि कमी गाड्या म्हणून कमी उतारू.

ह्या साऱ्या हकीकतींतून एकच नियम हातीं लागतो असें आम्हांस वाटतें. ज्या गोष्टी मागाहून बदलतां येतात त्यांत खुशाल हात आंखडावा. स्टेशनाची कमान साधी असूं द्यावी, फरशी संगमरवराची नसली तरी चालेल, गाड्या आरंभीं थोड्या असाव्या, डबे कमी असावे. घराचा रंग पुढच्या दिवाळीस देतां येतो. परंतु रुळांचें माप, जमिनीची रुंदी, पुलांचे पाये, फलाटांची लांबी आणि दोन मार्ग एकमेकांस मिळण्याचें ठिकाण ह्या गोष्टी एकदां ठरल्या कीं दोन-तीन पिढ्यांवर बंधन घालतात. त्यांत केलेली बचत ही बचत नसून मुलांच्या नांवें काढलेलें कर्ज आहे. १८८० च्या नागपूर-छत्तीसगड रेल्वेनें तें कर्ज दहा वर्षांत फेडलें; १९०८ च्या नागभीड मार्गानें एक शतक व्याज भरलें.

नागपुरांतच मोतीबाग येथें २००२ सालीं अरुंद मापाच्या रेल्वेचें संग्रहालय उघडलें आहे. मुलांना घेऊन तेथें अवश्य जावें. तीं छोटीं इंजिनें पाहून लहानांस गंमत वाटेल आणि मोठ्यांस आपल्या प्रवासाचे दिवस आठवतील. तीं ज्यांनीं बांधलीं ते मूर्ख नव्हते. गरीब प्रांतास थोड्या पैशांत त्यांनीं वाट करून दिली, आणि त्याबद्दल त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. मात्र परत येतांना पालकांनीं मुलांस एवढें जरूर सांगावें कीं, स्वस्त म्हणून टाकलेला रूळ पुष्कळ काळ स्वस्त राहत नाहीं. पूर्वेकडून नंदनवनांत येणाऱ्या विद्यार्थ्याला, मजुराला आणि भाजीवाल्या बाईला तिची गाडी वेळेवर आणि परवडणाऱ्या दरांत मिळाली, तरच ह्या इतिहासाचा आपण कांहीं उपयोग केला असें म्हणतां येईल.